अनमोड ते अणशी : घाटवळणांवर दुचाकीस्वाराने घ्यावयाची दक्षता

गोव्याच्या पूर्व सीमेवरील मोले गाव सोडून रस्ता सह्याद्री चढू लागला, की काही वेळातच अनमोड घाट सुरू होतो आणि माथ्यावर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका लागतो. पणजी आणि बेळगाव यांना जोडणारा हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी ४ अ या क्रमांकाने ओळखला जात असे; आता त्याचा क्रमांक ७४८ आहे. अनमोडहून पुढे तिनईघाट, रामनगर, कॅसलरॉक, जगलबेट, गणेशगुडी, दांडेली आणि खुद्द जोयड्याकडे रस्ते फुटतात. दक्षिणेकडून येणाऱ्यांसाठी कारवार, कद्रा आणि अणशी घाट हा दुसरा मार्ग आहे. दोन्ही मार्ग दाट अरण्यातून जातात आणि दोन्हींची ख्याती वळणांसाठीच आहे.

गोमंतकीयांचा या तालुक्याशी संबंध जुना आहे. सोयरिकी, शेती, बाजार, देवदर्शन अशा नाना कारणांनी माणसे घाट चढत-उतरत आली आहेत. अलीकडच्या काळात काळी नदीवरील नौकाविहार, सुप्याचे धरण आणि जंगलातील निवासस्थाने पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणांची त्यात मोठी भर पडली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार इतके होते. सरळ रस्त्यावरची चूक पुष्कळदा निभावून जाते. घाटातील वळणावर मात्र एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी आणि समोरून येणारा मालट्रक अशी स्थिती असल्याने चूक सुधारण्यास जागा आणि वेळ दोन्ही अपुरे पडतात. म्हणूनच वळण घेण्यामागील शास्त्र आणि घाटाचे रीतिरिवाज यांची नीट ओळख प्रत्येक दुचाकीस्वारास असणे आवश्यक आहे.

वळणावर नेमके काय घडते?

चारचाकी वाहन वळताना बाहेरच्या बाजूस झुकते; दुचाकी मात्र आतल्या बाजूस झुकवल्याशिवाय वळत नाही. हा झुकाव किती असावा हे वेग आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टी ठरवतात. गाडीचे वा स्वाराचे वजन कितीही असले, तरी त्यात मोठा फरक पडत नाही. महत्त्वाची बाब अशी, की ही मागणी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, की वळण्यासाठी लागणारे बळ चौपट होते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगरी रस्त्यावरील हेअरपिन वळणाची आतील त्रिज्या किमान १४ मीटर आणि रचनेचा वेग ताशी किमान २० किलोमीटर धरला जातो. अशा वळणावर दुचाकी साधारण २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जाते असे मानून हिशेब केला, तर पुढील आकडे मिळतात.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना दुचाकी सुमारे ९ अंश झुकते.
ताशी ३० किलोमीटर वेगाने हा झुकाव सुमारे २० अंश होतो.
ताशी ४० किलोमीटर वेगाने तो सुमारे ३२ अंशांवर जातो.
ताशी ५० किलोमीटर वेगाने तो ४४ अंशांपलीकडे जातो.

तीसवरून चाळीसवर जाताना वेगमापकाचा काटा किंचितच पुढे सरकतो. परंतु टायरकडून होणारी मागणी पावणेदोन पटींहून अधिक वाढते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक स्थूलमानाने ०.७ ते ०.८ असतो. ओल्या डांबरावर तो ०.४ ते ०.६ इतका खाली येतो आणि खडी, माती वा शेवाळ असल्यास त्याहून कमी होतो. वरील वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगास ०.३५, चाळीसला ०.६३ आणि पन्नासला ०.९८ इतक्या घर्षणाची गरज असते. याचा सरळ अर्थ असा, की जो स्वार जानेवारीत ते वळण चाळीसच्या वेगाने सुखरूप पार करतो, तोच स्वार जुलैत त्याच वेगाने आणि त्याच कौशल्यानेही घसरू शकतो. सामान्य दुचाकीस्वाराने पन्नासचा वेग तेथे कोणत्याही ऋतूत मनात आणू नये.

पकड ही मर्यादित शिल्लक

दुचाकीचे प्रत्येक चाक रस्त्याला टेकते ती जागा जेमतेम हाताच्या तळव्याएवढी असते. ब्रेक लावणे, वेग वाढवणे आणि वळणे या तिन्ही कामांसाठी लागणारे घर्षण याच तळव्याएवढ्या जागेतून मिळवायचे असते. पकड ही महिन्याच्या मिळकतीसारखी आहे. एका कामावर बहुतांश खर्च झाली, तर दुसऱ्या कामासाठी फार थोडी उरते. गाडी पूर्ण झुकलेली असताना स्वाराने घाबरून पुढचा ब्रेक आवळला, तर चाकाकडे ब्रेकसाठी देण्याजोगे काही शिल्लक नसते. चाक थांबते, घसरते आणि गाडी आडवी होते.

यातूनच वळण घेण्याचा पहिला नियम निघतो. वेग कमी करण्याचे काम वळणापूर्वी, गाडी सरळ उभी असतानाच पूर्ण करावे. योग्य गिअरही त्याच वेळी टाकावा. वळणात शिरल्यावर रेस हलकीशी आणि एकसारखी ठेवावी. ती एकदम सोडली, तर वजन पुढच्या चाकावर झेपावते. एकदम वाढवली, तर मागचे चाक सुटू पाहते. वळणाचा शेवट दिसू लागला आणि गाडी सरळ होऊ लागली, की मगच हळूहळू वेग वाढवावा. ‘सावकाश आत, सांभाळून बाहेर’ एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील दुचाकींच्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल या विषयात आजही आधारभूत मानला जातो. ज्या अपघातांत दुसरे वाहन गुंतलेले नव्हते, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत स्वाराची चूक हेच कारण आढळले. आणि ती चूक बहुधा दोन प्रकारची होती. एक, अति ब्रेक लावून घसरणे. दुसरी, वेग अधिक झाल्याने किंवा गाडी पुरेशी न वळवल्याने वळणाच्या बाहेर फेकले जाणे. म्हणजे गाडीत अधिक झुकण्याची क्षमता असताना स्वार धीर सोडतो आणि गाडी सरळ कठड्याकडे जाते, असेही घडते.

नजर, हँडल आणि शरीर

दुचाकी स्वाराच्या नजरेमागे जाते, हे अनुभवी चालक सांगतात आणि ते खरे आहे. कठड्याकडे किंवा समोरच्या ट्रककडे पाहत राहिले, तर नकळत गाडीही तिकडे ओढली जाते. म्हणून वळणात शिरताना मान वळवून, जेथे जायचे आहे तेथे, म्हणजे रस्ता जेथवर दिसतो त्या टोकापर्यंत नजर न्यावी. खड्डा दिसला, तर त्याच्याकडे टक न लावता त्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेकडे पाहावे.

ब्रिटिश पोलिसांच्या दुचाकी प्रशिक्षणात याच तत्त्वावर आधारलेली एक उपयुक्त खूण शिकवली जाते. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जेथे एकमेकींना मिळाल्यासारख्या वाटतात, त्या बिंदूकडे पाहावे. तो बिंदू आपल्याबरोबर पुढे सरकत असेल, तर वेग योग्य आहे. तो जागच्या जागी थांबून जवळ येत असेल, तर वळण आवळत चालले आहे आणि वेग तत्काळ कमी केला पाहिजे. तो झपाट्याने दूर जाऊ लागला, तर वळण उलगडत आहे. अनमोड घाटात झाडी आणि डोंगराची कुशी यांमुळे पुढचा रस्ता फार थोडा दिसतो. पुढे जाऊन अधिकच आवळत जाणारी वळणे ओळखण्यास ही खूण फार कामी येते.

हँडलच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना विचित्र वाटते. चालण्याच्या वेगाहून अधिक वेगाने जाताना डावीकडे वळायचे असेल, तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते आणि त्यामुळे गाडी डावीकडे झुकते. प्रत्येक दुचाकीस्वार हे नकळत करीतच असतो. विमानाचे जनक विल्बर राइट यांनीही सायकलस्वारांच्या बाबतीत हीच गोष्ट टिपली होती, की लोक हे करतात, पण आपण करतो याची त्यांना जाणीव नसते. ही जाणीव असण्याचा लाभ संकटाच्या वेळी होतो. वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले, तर आतल्या बाजूची मूठ शांतपणे आणखी पुढे ढकलून गाडी अधिक झुकवता येते. त्या वेळी हात ताठ आणि मुठी आवळलेल्या असतील, तर हे साधत नाही. म्हणून कोपर सैल, गुडघे टाकीला टेकलेले आणि पाऊल फुटरेस्टवर नीट टेकलेले असावे.

रस्त्यावर कोठे असावे?

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डाव्या वळणावर दुचाकीस्वार आतल्या कुशीत असतो आणि त्याला पुढचे सर्वात कमी दिसते. अशा वेळी आपल्या मार्गिकेच्या मध्यापासून किंचित उजवीकडे राहिल्यास दृष्टी थोडी लांब पोहोचते. परंतु मध्यरेषेला चिकटू नये, कारण समोरून येणारे वाहन वळण कापत येण्याचा संभव असतो. उजव्या वळणावर डाव्या कडेकडे राहिल्यास अधिक दिसते. मात्र कडेला खडी, माती आणि पालापाचोळा साठलेला असतो, त्यावर चाक जाऊ देऊ नये. उजव्या वळणावर आणखी एक धोका लक्षात येत नाही. चाके मध्यरेषेच्या आत असली, तरी गाडी झुकल्यामुळे स्वाराचे डोके, खांदा आणि हँडल रेषेपलीकडे, समोरच्या मार्गिकेत गेलेले असतात. म्हणून मध्यरेषेपासून किमान हातभर अंतर राखावे.

जोयड्यातील अंतर्गत रस्ते अरुंद आहेत आणि अनेक ठिकाणी मध्यरेषाच नाही. तेथे दोन्ही वाहनांना एकाच पट्ट्यावरून जावे लागते. जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग तेथे योग्य. उरलेले निम्मे अंतर समोरच्याला थांबण्यासाठी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वारास धोका ध्यानी येण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर मध्यम ब्रेकने थांबण्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर एकूण अंतर २८-२९ मीटरांवर जाते. ताशी ६० वेगास कोरड्या रस्त्यावरच सुमारे ४४ मीटर हवेत. घाटातील कित्येक वळणांवर एवढे पुढचे दिसतच नाही.

ट्रक आणि बसशी गाठ

अनमोड घाट ही बेळगाव आणि गोवा यांमधील मालवाहतुकीची मुख्य वाट आहे. गोव्याच्या बाजारातील भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावकडून याच रस्त्याने येते. लांब ट्रक हेअरपिन वळणावर वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. ती कडेला अडकू नयेत म्हणून चालकाला आधी तोंड बाहेरच्या बाजूस काढावे लागते. दुचाकीस्वाराला वाटते, की ट्रकने आतली जागा आपल्यासाठी मोकळी केली. प्रत्यक्षात ती जागा पुढच्या क्षणी ट्रकची मागची चाके व्यापणार असतात. वळणावर ट्रकच्या आतून घुसणे हा जिवाशी खेळ आहे.

समोरून लांब वाहन वळणात शिरताना दिसले, तर आपण वळणाआधीच थांबून त्याला पूर्ण बाहेर येऊ द्यावे. वाहतुकीच्या नियमांनुसार रस्ता पुरेसा रुंद नसेल, तर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास प्राधान्य द्यायचे असते. भाराने लादलेला ट्रक चढणीवर एकदा थांबला, तर पुन्हा उचलणे त्यास अवघड जाते आणि तो मागे येण्याचा धोका असतो. वळणावर आणि पुढचे दिसत नसलेल्या जागी पुढे जाण्यासाठी ओलांडणी करण्यास मनाई आहे. चढावर रांगत चाललेल्या ट्रकमागे असताना पुरेसे अंतर ठेवावे. त्याच्या अगदी पाठीशी राहिल्यास पुढचा रस्ताही दिसत नाही आणि चालकाच्या आरशात आपणही दिसत नाही. आंधळ्या वळणाआधी हॉर्न आणि रात्री दिव्याचा इशारा द्यावा. इशारा दिला म्हणून रस्ता मोकळा झाला, असे मात्र समजू नये.

चढ आणि उतार

चढताना हेअरपिन वळणाची आतली कड सर्वांत उभी असते. तेथे इंजिनाचा जोर कमी पडला, तर गाडी वळणातच बंद पडून आतल्या बाजूस कोसळते. म्हणून वळणाआधीच दुसरा, गरज पडल्यास पहिला गिअर टाकून आपल्या मार्गिकेच्या बाहेरच्या भागाने वळण घ्यावे.

उतरणे अधिक अवघड. उतारावर वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते; मागचा ब्रेक जोराने दाबल्यास ते सहज घसरते. ज्या गिअरने घाट चढला जातो, त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. इंजिन स्वतःच वेग रोखून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड क्षीण होते. जळका वास येऊ लागला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा अधिक आत जाऊ लागला, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर घाट उतरण्याची सवय काहींना असते. त्यात इंजिनाची रोखून धरण्याची शक्ती पूर्ण जाते आणि वाचते ते काही थेंब पेट्रोल.

गोव्यात स्कूटरचा वापर मोठा आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये वेग फार कमी झाल्यावर क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनाचा रोध उरत नाही. शिवाय तिची चाके लहान असल्याने खड्ड्याचा धक्का अधिक बसतो. स्कूटरने घाट उतरताना वेग प्रारंभापासूनच कमी ठेवावा आणि दोन्ही ब्रेक थांबून-थांबून वापरावेत.

पाऊस, धुके आणि अरण्य

कॅसलरॉक-अनमोडचा पट्टा कर्नाटकातील अधिक पावसाच्या प्रदेशांत गणला जातो. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याचा काही भाग खचला आणि अवजड वाहनांची वाहतूक बंद करावी लागली. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट खुला आहे की नाही याची चौकशी करणे, ही पहिली खबरदारी होय.

सावलीतील रस्त्यावर शेवाळ धरते. डोंगरातून आलेले पाणी वळणावर माती आणि बारीक खडी आणून टाकते. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल आणि धूळ एक होऊन डांबर निसरडे बनते. डिझेल सांडलेले असल्यास ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो किंवा वास येतो. रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि ओला पालापाचोळाही तितकाच धोकादायक. या सर्वांवरून जाताना गाडी शक्यतो सरळ ठेवावी आणि ब्रेक टाळावा. माथ्यावर धुके दाटले, तर दिवा खालच्या झोतावर ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आदळून चालकाच्याच डोळ्यांवर परततो. उन्हाळ्यातही झाडांच्या ऊन-सावलीच्या नक्षीत खड्डे लपतात. गडद काच असलेले हेल्मेट अशा वेळी अडचणीचे ठरते.

जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. पूर्वी दांडेली-अणशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाचे २०१५ साली काळी नदीवरून नामकरण झाले. घाटाच्या गोव्याकडील बाजूस भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे. गवा, सांबर, माकडे यांच्या येण्याजाण्याच्या वाटा रस्त्याला छेदतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला हा वावर अधिक असतो. एक जनावर रस्ता ओलांडून गेले, की मागून दुसरे येणार असे समजून थांबावे. माकडांना खाऊ टाकल्याने ती रस्त्यावर ठाण मांडतात. तो मोह आवरावा. माघ महिन्यात चन्नबसवण्णांच्या उळवी येथील जत्रेसाठी भाविक बैलगाड्यांनी येतात. त्या दिवसांत वळणापलीकडे बैलगाड्यांची रांग असू शकते, हे लक्षात घेऊनच गाडी चालवावी.

गाडी, हेल्मेट आणि सोबती

घाटास निघण्यापूर्वी टायरची हवा थंड अवस्थेत तपासावी. नियमानुसार दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. पावसाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक असणे इष्ट. ब्रेकची लायनिंग, ब्रेक ऑइल, साखळीचा ताण आणि दिवे पाहावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली सक्तीची आहे. एबीएस चाक थांबून घसरण्यापासून वाचवते; मात्र निसरड्या रस्त्याला ते पकड देऊ शकत नाही आणि अति वेगाने घेतलेले वळणही सावरून देत नाही. गाडी भाड्याची असेल, तर तिच्या ब्रेकचा अंदाज सपाट रस्त्यावरच घ्यावा.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटसाठी हे चिन्ह अनिवार्य आहे. मागे बसणाऱ्यासही हेल्मेट बंधनकारक आहे, आणि दोघांनीही पट्टा आवळलेला असावा. बूट, हातमोजे आणि जाड कपडे घसरल्यावर कातडी वाचवतात. मागे बसणाऱ्याला निघण्याआधीच सांगावे, की वळणावर गाडीबरोबरच झुकावे, भीतीने उलट बाजूस झुकू नये. सामान मागच्या चाकाच्या फार मागे वा उंच बांधल्यास पुढचे चाक हलके होऊन गाडी वळण्यास कां-कूं करते.

गटाने जाताना सरळ रस्त्यावर आडव्या-तिरप्या रांगेत जाणे ठीक. वळणांवर मात्र एकामागे एक आणि पुरेसे अंतर ठेवून जावे. कमी अनुभवी स्वाराला पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवल्यास गटाचा वेग त्याच्या बेताने राहतो. मागे पडलेल्याने पुढच्यांना गाठण्यासाठी वेग वाढवू नये. पुढील फाट्यावर सर्वांनी थांबण्याचे आधीच ठरवून घ्यावे. सहलीच्या उत्साहात मद्य घेऊन घाट उतरणे हा गुन्हा आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वेग चुकला तर, आणि अपघात झालाच तर

वळणात शिरल्यावर वेग अधिक असल्याचे ध्यानी आले, तर सरळ जागा उरली आहे का हे आधी पाहावे. असेल, तर गाडी उभी करून दोन्ही ब्रेक चढत्या जोराने लावावेत आणि मग वळावे. नसेल, तर ब्रेक आवळू नये. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून आतली मूठ पुढे ढकलावी आणि गाडी झुकवावी. रस्ता कोरडा असेल, तर पुष्कळदा गाडी वळते. घाबरून कठड्याकडे पाहणे हाच सर्वात वाईट पर्याय.

अपघात झाल्यास प्रथम मागून-पुढून येणारी वाहतूक थांबवावी. वळणाच्या दोन्ही बाजूंस दूरवर माणूस उभा करून इशारा द्यावा. जखमीला विनाकारण हलवू नये आणि हेल्मेट ओढून काढू नये. श्वास अडत असेल तरच दोघांनी मान आधार देऊन सावकाश काढावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक गोवा आणि कर्नाटक दोन्ही राज्यांत चालतात. घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. अशा वेळी जाणाऱ्या वाहनाबरोबर मोले किंवा अनमोड येथील तपासणी नाक्यावर निरोप पाठवावा. मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाने जखमीस मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती त्याला करता येत नाही. पोलिसांच्या भयाने मदत टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

घाट अवघड असला, तरी तो फसवा नाही. वळणाआधीची पाटी, कठड्यावरचे ओरखडे, रस्त्यावर पडलेली ओली माती आणि समोरून आलेला हॉर्न यांतून तो आधीच सूचना देत असतो. वेग तीसच्या खाली ठेवला, तर संपूर्ण घाटात चार-सहा मिनिटेच अधिक लागतात. आणि तेवढ्या अवधीत या सूचना वाचण्यास पुरेसा वेळ मिळतो.